टस्कीगीचे शिकाऊ वैमानिक: एका छायाचित्र प्रदर्शनाच्या नोंदी

८ जून २०२५

अभ्यासिकेच्या मागच्या लांब भिंतीवर यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास काय लावायचे, ते आज ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, टस्कीगी इथे, विमान चालवायला शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणांची छायाचित्रे. गटातल्या दोघांचा आग्रह लढाईच्या फोटोंसाठी होता, कारण ते दिसायला जोरदार असतात. मी प्रशिक्षणाच्याच फोटोंवर अडून बसले. लढाईच्या फोटोत निकाल लागलेला असतो. शिकण्याच्या फोटोतला मुलगा अजून पास झालेला नाही. उद्या त्याला घरी पाठवतील की छातीवर पंखांचा बिल्ला लावतील, हे त्याला ठाऊक नाही, आणि तरी तो ताठ उभा आहे. आमच्याकडे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली बसलेली असतात. त्यांच्या भिंतीवर हेच फोटो हवेत.

कालखंड १९४१ ते १९४६ एवढाच ठेवायचा. चित्रे घ्यायची ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर स्वामित्व हक्क नसतो, त्यामुळे लष्करी छायाचित्रकारांचे काम आपल्याला निर्धास्त छापता येते. पी. एच. पोल्क यांचे तसे नाही. ते टस्कीगी संस्थेचे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे, छायाचित्रकार होते, स्वतः कृष्णवर्णीय, आणि माणसाचा चेहरा वाचण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. पण त्यांच्या फोटोंना वेगळी परवानगी लागेल. जड मनाने ते यादीतून काढले.

१२ जून

पहिल्या फलकाचा मजकूर लिहायला घेतला. या फलकावर फोटो नसेल. हे फोटो ज्या समजाला उत्तर म्हणून काढले गेले, तो समज आधी सांगितल्याशिवाय ते कळत नाहीत.

१९२५ मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने युद्धात कृष्णवर्णीय मनुष्यबळ कसे वापरावे यावर अहवाल तयार केला. त्यात लिहिले आहे की या माणसाचा मेंदू वजनाने कमी असतो, धोक्यासमोर तो टिकत नाही, नेतृत्व त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही कुणाची चहाच्या टपरीवरची बडबड नव्हती. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अभ्यास म्हणून सादर केलेला हा कागद होता, आणि लष्कराचे धोरण पुढची कित्येक वर्षे याच विचारावर चालले.

त्याचा परिणाम एका माणसावर काय झाला ते बेंजामिन डेव्हिस यांच्या उदाहरणाने सांगायचे ठरवले. १९३२ ते १९३६ या काळात ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होते. चार वर्षे कामापुरते सोडले तर एकही सहाध्यायी त्यांच्याशी बोलला नाही. खोलीत एकटे, जेवणाच्या टेबलावर एकटे. तरी ते वरच्या क्रमांकात पास झाले. हवाई शाखेसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर मिळाले की या शाखेत कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही, त्यामुळे घेता येत नाही. तुकडी नाही म्हणून माणूस नाही, आणि माणूस घेत नाहीत म्हणून तुकडी नाही. आपल्याकडे हा हिशेब कुणाला उलगडून सांगावा लागणार नाही.

जानेवारी १९४१ मध्ये युद्धखात्याने कृष्णवर्णीयांची एक लढाऊ विमान तुकडी उभारणार असल्याचे जाहीर केले. त्यामागे कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांचा कित्येक वर्षांचा रेटा होता, नागरी हक्क संघटनांचा पाठपुरावा होता, आणि हॉवर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी यान्सी विल्यम्स याने युद्धखात्याविरुद्ध कोर्टात जाण्याचे पाऊल उचलले होते. दार उघडले, पण वेगळे दार उघडले. गोऱ्यांचे तळ गोऱ्यांसाठी, यांच्यासाठी टस्कीगी. युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार विल्यम हेस्टी यांचा या वेगळेपणालाच विरोध होता. हवाई दलातला भेदभाव हटत नाही म्हणून त्यांनी जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला. त्यांना फलकावर दोन ओळी नक्की द्यायच्या. वैमानिकांच्या कौतुकात हेस्टी नेहमी मागे पडतात.

१९ जून

एलिनॉर रूझवेल्ट यांचा फोटो. हा सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. लहानशा विमानात पुढे टस्कीगीचे मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अल्फ्रेड अँडरसन, मागच्या आसनावर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर मोकळे हसू. तारीख २९ मार्च १९४१. कृष्णवर्णीय वैमानिकाच्या हाती विमान देऊन एक गोरी बाई, तीही अध्यक्षांची पत्नी, अलाबामाच्या आकाशात चक्कर मारून आली. त्या काळात त्या राज्यात या दोघांना एका बाकावर बसणे कठीण होते.

फोटोओळ लिहिताना मात्र एक गोष्ट सरळ करून घ्यायची आहे. या उड्डाणामुळे प्रशिक्षण सुरू झाले, असे जागोजागी लिहिलेले असते. युद्धखात्याची घोषणा जानेवारीतली, आणि त्या घोषणेतली लढाऊ तुकडी, म्हणजे ९९ वी, कागदोपत्री उभी राहिली २२ मार्चला, म्हणजे या उड्डाणाच्या आधी आठवडाभर. एलिनॉरबाई टस्कीगीला आल्या होत्या त्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्त म्हणून. पुढे त्याच निधीने दिलेल्या कर्जातून मोटन फील्ड हे प्राथमिक प्रशिक्षणाचे मैदान उभे राहिले. त्यांचा वाटा खरा आहे आणि मोठा आहे. पण दार त्यांनी एका चक्करीत उघडले असे लिहिले की यान्सी विल्यम्स, ती वर्तमानपत्रे, ती वर्षे सगळी पुसली जातात. दात्याचा फोटो मोठा आणि मागणाऱ्याचे नाव गायब, हे आपण करायचे नाही.

अँडरसन यांच्याबद्दल आणखी एक ओळ घातली. कुणी गोरा प्रशिक्षक शिकवायला तयार होईना, म्हणून त्यांनी स्वतः विमान विकत घेतले आणि १९२९ मध्ये परवाना मिळवला. टस्कीगीची मुले त्यांना 'चीफ' म्हणत.

२८ जून

प्रदर्शनाचा मुख्य फोटो सापडला आहे, म्हणजे तो तसा प्रसिद्धच आहे, पण मोठ्या आकाराची चांगली प्रत आज उतरवून घेतली. वर्ष १९४१. तळाचे पहिले प्रमुख मेजर जेम्स एलिसन रांगेसमोरून जात आहेत आणि मॅक रॉस या छात्राच्या सलामीला सलामीने उत्तर देत आहेत. शिकाऊ छात्रांच्या पहिल्याच तुकडीची पाहणी चालू आहे.

मूळ फोटोओळीत रॉसच्या नावापुढे त्याचे गाव लिहिलेले आहे: डेटन, ओहायो. अशा फोटोंमध्ये गावाचा उल्लेख हमखास असतो. गावाचे नाव असले की तिथले वर्तमानपत्र फोटो छापते, आई कात्रण जपून ठेवते, शेजारची दोन पोरे भरतीच्या रांगेत उभी राहतात. प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो आहे हा, त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि आपल्या फोटोओळीत तसे लिहायलाही हरकत नाही. तरीही मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. लष्करी नियमाप्रमाणे कनिष्ठाने सलाम केला की वरिष्ठाला सलाम परत करावाच लागतो. तळाच्या फाटकाबाहेर ज्या तरुणाला गोऱ्या दुकानदाराने 'अरे'शिवाय हाक मारली नसती, त्याला इथे एक गोरा मेजर हात कपाळाला लावून उत्तर देतो आहे. कॅमेरा नेमका त्या क्षणी चालला.

मॅक रॉस जुलै १९४४ मध्ये इटलीत विमान अपघातात मरण पावला. हे फोटोओळीत लिहायचे की नाही यावर आज बराच खल झाला. माझे मत: लिहायचे, पण शेवटच्या ओळीत. आधी लोकांनी त्याला उभा पाहू दे.

५ जुलै

गेला आठवडा विमाने ओळखण्यात गेला. तारीख नसलेला फोटो प्रशिक्षणाच्या कोणत्या टप्प्यातला आहे, हे विमानावरून कळते. प्राथमिक टप्प्याला स्टीअरमन पीटी-१७: एकावर एक दोन पंख, उघडी आसने, २२० अश्वशक्तीचे इंजिन. मधल्या टप्प्याला व्हल्टी बीटी-१३: पंख एकच, वर काचेचे झाकण, चाके मात्र पोटात न जाणारी. वरच्या टप्प्याला एटी-६, ज्याची चाके आत ओढली जातात. इंजिन ६०० अश्वशक्तीचे, आणि मुले इथे पोहोचली की लढाऊ विमानाला हात लावायच्या लायकीची झाली असे समजत. त्यानंतर पी-४० हे लढाऊ विमान. प्रत्येक टप्पा साधारण दोन-सव्वादोन महिन्यांचा.

हे कोष्टक भिंतीवर एका कोपऱ्यात रेखाचित्रांसह येईल. आमच्या गटातल्या चित्रकार मैत्रिणीने तिन्ही विमानांच्या बाह्याकृती इतक्या सुरेख काढल्या आहेत की पोरे मोठ्या फोटोंआधी तिकडेच धावतील.

पण या कामातून जे हाती आले ते विमानांच्या माहितीपेक्षा मोठे आहे. गोऱ्या छात्रांना एका तळावर एक टप्पा शिकवत. मधला टप्पा संपला की दुसऱ्या गावचा दुसरा तळ. टस्कीगीच्या लष्करी तळावर मात्र मधला टप्पा, वरचा टप्पा, पी-४० वरचा सराव, आणि १९४३ पासून बाँबफेकी विमानांसाठी लागणारे दोन इंजिनांचे प्रशिक्षण, सगळे एकाच मैदानावर. फक्त प्राथमिक टप्पा तेवढा जवळच्या मोटन फील्डवर. कारण दुसरा कोणताही तळ या मुलांना घेत नव्हता. एकाच तळाच्या फोटोंमध्ये बीटी-१३, एटी-६ आणि पी-४० ही सगळी विमाने सापडतात. माहीत नसलेल्याला वाटेल, किती सुसज्ज तळ! खरे तर ती गर्दी म्हणजे अमेरिकेच्या वर्णभेदाचाच फोटो आहे. वेगळ्या पाणवठ्याची पाटी दिसली तर कुणालाही कळते. इथे पाटी नाही, विमाने आहेत.

या निरीक्षणाला स्वतंत्र फलक.

१४ जुलै

फोटो स्वच्छ करण्याचे नियम आज लेखी केले, कारण तीन वेगवेगळे जण संगणकावर बसतात आणि प्रत्येकाचा हात निराळा. धूळ, ओरखडे, कागदाच्या घडीच्या रेषा काढायच्या. कडा कापायच्या नाहीत. नकारपट्टीवर (निगेटिव्हवर) कुणी हाताने लिहिलेला क्रमांक असेल तर तो ठेवायचा. संगणकाने रंग भरायचे नाहीत.

आणि चेहरे उजळायचे नाहीत. यावर मी कुणाचे काही ऐकणार नाही. दुपारचे ऊन, मागे पांढरे आकाश किंवा चकाकणारा धातूचा पत्रा, अशा फोटोत गडद त्वचेचा चेहरा आणखी गडद उतरतो. छायाचित्रकाराने उजेडाचे माप आकाशावर धरले की चेहऱ्याचा तपशील हरवतो. तो तपशील सावलीतून वर आणणे वेगळे आणि माणसाला गोरा करणे वेगळे. पहिले जपून करायचे, दुसरे अजिबात नाही. एका मुलाने सहज म्हणून एक फोटो उजळून आणला, त्यात सगळे गव्हाळ दिसत होते. त्याला जवळ बसवून मूळ फोटो शेजारी ठेवला. "ताई, हे तर दुसरेच लोक झाले," तो स्वतःच म्हणाला.

छपाईसाठी १२ बाय १८ इंचाच्या कागदाला पुरेल एवढी प्रत हवी, म्हणजे लांब बाजूला निदान पाच हजार बिंदू. बहुतेक सरकारी प्रती त्याहून मोठ्या आहेत. दोन फोटो लहान निघाले, ते पोस्टकार्डाएवढेच छापायचे. ताणून मोठे करायचे नाहीत.

१९ जुलै

८४ वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, १९ जुलै १९४१ रोजी, टस्कीगी संस्थेत तिचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुतळ्याजवळ प्रशिक्षणाचे औपचारिक उद्घाटन झाले. शिकणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत तेरा जण: बारा छात्र आणि कॅप्टन डेव्हिस. तुकडीचे नाव ४२-सी, म्हणजे १९४२ मध्ये बाहेर पडणारी तिसरी तुकडी. ७ मार्च १९४२ ला पंख मिळाले ते पाच जणांना.

या पाचांचा फोटो जगभर छापला गेला आहे. डावीकडून जॉर्ज रॉबर्ट्स, बेंजामिन डेव्हिस, चार्ल्स डिबो, मध्ये प्रशिक्षक लेफ्टनंट लाँग, मग मॅक रॉस आणि लेम्युएल कस्टिस. कस्टिस आधी हार्टफर्ड शहरात पोलीस होते, त्या शहराच्या पोलीस दलातले पहिले कृष्णवर्णीय. डेव्हिस पुढे हवाई दलात जनरल झाले.

माझे लक्ष मात्र उरलेल्या आठांकडे जाते. जॉन अँडरसन, चार्ल्स ब्राउन, थिओडोर ब्राउन, मॅरियन कार्टर, फ्रेडरिक मूर, युलिसिस पॅनेल, विल्यम स्लेड, रॉडरिक विल्यम्स. आधीच्या महिन्यांतल्या सामूहिक फोटोंत हे आहेत, मार्चच्या फोटोत नाहीत. गोऱ्यांच्या तळांवरही पुष्कळ मुले गळत, विमानविद्या कठीणच आहे. पण इथे जागा मोजक्या, तळ एक, आणि प्रत्येक उड्डाणाकडे 'हे लोक जमवतात का' अशा नजरेने पाहणारे वर बसलेले. एकाने विमान जोरात टेकवले तर तो एकटा नापास होत नसे, त्याच्याबरोबर १९२५ चा अहवाल खरा ठरवायला लोक टपलेले होते. त्या ओझ्याखाली उडायला बसणे हीच मुळात मोठी गोष्ट होती.

आठही नावे पाच जणांच्या फोटोखाली, पाच नावांच्याच अक्षरांच्या आकारात छापायची. अभ्यासिकेत रोज बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे नाव अंतिम यादीत येत नाही. त्यांनी हा फलक वाचावा असे मला मनापासून वाटते.

३० जुलै

वर्गातले फोटो. जानेवारी १९४२ चा एक आहे: कॅप्टन रॉय मॉर्स मध्यभागी, भोवती छात्र, आणि ते त्यांना सांकेतिक संदेश पाठवायला व घ्यायला शिकवत आहेत. हा फोटो मी मुद्दाम उड्डाणाच्या फोटोंइतकाच मोठा ठेवते आहे. वैमानिक म्हटले की आकाश डोळ्यांसमोर येते, पण दिवसाचा केवढा तरी भाग असा टेबलाशी जाई: संदेश, हवामान, दिशाज्ञान, इंजिन.

जमिनीवरच्या माणसांसाठीही एक फलक. ९९ व्या तुकडीचे यांत्रिकी इलिनॉय राज्यातल्या चॅन्यूट फील्डवर शिकले. टस्कीगीचा लष्करी तळ बांधला तो मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीयांच्या कंपनीने, आराखडे हिलयार्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचे. तळाच्या रुग्णालयात कृष्णवर्णीय परिचारिका होत्या, त्यांच्या प्रमुख डेला रेनी. पॅराशूट घडी करणाऱ्यांत बायकाही होत्या. पॅराशूटची एक घडी चुकली तर वर गेलेला माणूस जिवंत खाली येत नाही. हे काम करणाऱ्यांचे फोटो थोडे आहेत, म्हणून जे आहेत ते सगळे घेतले.

९ ऑगस्ट

निवडलेल्या ढिगातून इटलीचे फोटो बाजूला काढले. टोनी फ्रिसेल या छायाचित्रकार बाईंनी मार्च १९४५ मध्ये इटलीतल्या रामितेल्ली तळावर टस्कीगीत शिकलेल्या वैमानिकांच्या ३३२ व्या गटाचे अप्रतिम फोटो काढले. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि प्रशिक्षणाचे म्हणून सर्रास फिरतात. ओळखायची खूण सोपी: पायाखाली भोकांच्या लोखंडी पट्ट्यांची धावपट्टी, मागे पी-५१ मस्टँग. टस्कीगीत ही विमाने शिकवायला नव्हती. फोटो कितीही सुंदर असले तरी ते या भिंतीवर नाहीत.

याच कारणाने 'यांनी राखण केलेले एकही बाँबफेकी विमान पडले नाही' हे वाक्यही मजकुरातून काढले. हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्या राखणीतली २७ बाँबफेकी विमाने शत्रूच्या विमानांनी पाडल्याचे दिसले. इतर गटांच्या मानाने हा आकडा चांगलाच कमी आहे. खरा आकडा पुरेसा मोठा मान देतो, दंतकथेची गरज नाही.

लेफ्टनंट रॉबर्ट डीझ याच्यावरून चितारलेले १९४३ चे युद्धरोख्यांचे भित्तिपत्रक मात्र ठेवतो आहोत. टस्कीगीत शिकलेला तरुण आकाशाकडे पाहतो आहे आणि सरकार त्याच्या चेहऱ्यावर जनतेकडून पैसे मागते आहे. त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या आगगाड्यांत त्याला वेगळ्या डब्यात बसावे लागे. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने फेब्रुवारी १९४२ मध्ये दुहेरी विजयाची मोहीम सुरू केली होती: बाहेर फॅसिझमवर विजय आणि घरी भेदभावावर विजय. भित्तिपत्रक आणि ही मोहीम शेजारी शेजारी लागतील.

१७ ऑगस्ट

फ्रीमन फील्डचा फलक आज पुरा झाला. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला, आणि माझ्या मते हाच प्रदर्शनाचा कणा आहे.

१९४५ च्या वसंतात कृष्णवर्णीय वैमानिकांचा ४७७ वा बाँबफेकी गट इंडियाना राज्यातल्या या तळावर युद्धासाठी सराव करत होता. तळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब होते. गोरे आणि काळे असे लिहिणे नियमात बसत नव्हते, म्हणून कर्नल रॉबर्ट सेलवे यांनी एक क्लब 'प्रशिक्षणार्थीं'चा आणि एक 'प्रशिक्षकांचा व देखरेख करणाऱ्यांचा' ठरवला. मग सगळे कृष्णवर्णीय अधिकारी प्रशिक्षणार्थी आणि सगळे गोरे अधिकारी देखरेख करणारे! तळावर कायम नेमणुकीवर असलेले कृष्णवर्णीय अधिकारीसुद्धा शिकाऊच ठरले. पंख मिळाले, हुद्दा मिळाला, तरी शिकणे काही संपेना.

५ एप्रिलच्या रात्री हे अधिकारी लहान लहान गटांनी दुसऱ्या क्लबात शिरले, शांतपणे, आणि एकामागून एक अटक करून घेतली. दोन दिवसांत ६१ जण. नंतर क्लब वेगळे ठेवण्याचा नवा आदेश निघाला आणि प्रत्येकाला तो वाचून मान्य असल्याची सही करायला सांगितले. युद्धकाळात वरिष्ठाचा थेट हुकूम मोडण्याची शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकते, हे माहीत असून १०१ जणांनी सही नाकारली. त्यांना केंटकी राज्यातल्या गॉडमन फील्डवर अटकेत नेले. रॉजर टेरी या एकालाच लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले, तेही क्लबाच्या दारात एका अधिकाऱ्याला धक्का दिल्याबद्दल, दंड १५० डॉलर. हवाई दलाने ती शिक्षा रद्द केली १९९५ मध्ये.

या प्रसंगाचा एक फोटो उपलब्ध आहे: पाठवणीची वाट पाहत उभे असलेले अटकेतले अधिकारी. इतर फोटोंत रांगा आहेत, इथे घोळका आहे. तरुण माणसे, गणवेशात, कुणाचीही मान खाली नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे त्यांना हा फोटो दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही. क्लबात जाऊन एक पेला मागायचा आणि त्यासाठी सगळी कारकीर्द पणाला लावायची, हे त्यांना बरोबर कळेल.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा सैन्यदलात समान वागणुकीचा आदेश २६ जुलै १९४८ चा. तो या फलकाच्या तळाशी, एका ओळीत.

२४ ऑगस्ट

आपल्याकडचा संदर्भ किती द्यायचा यावर चर्चा. मत पडले की एकच लहान फलक, आणि त्यावर फक्त दोन गोष्टी. टस्कीगीची मुले पहिल्या टप्प्याचे उड्डाण शिकत होती त्याच १९४१ च्या १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली होती, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली आणि १९२१ मध्ये मोडली. गरजेला बोलवायचे, गरज संपली की लायकी नाही म्हणायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सतत पाठपुरावा केला तो याच अन्यायासाठी. सुभेदार रामजींचा मुलगा हे कधी विसरणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले.

यापेक्षा जास्त नको. भिंत टस्कीगीच्या मुलांची आहे.

७ सप्टेंबर

फोटोओळी वाचून घेण्याचे काम. अभ्यासिकेतल्या मुलांना कच्च्या प्रती दिल्या आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करायला सांगितले. सगळ्यात जास्त खुणा हुद्द्यांवर आल्या, म्हणून हुद्द्यांचे तक्तावजा टिपण दाराशी लावतो आहोत. लांब वाक्ये तोडली. प्रत्येक फोटोओळीचा क्रम आता ठरला: आधी माणूस आणि त्याचे नाव, मग तो काय करतो आहे, मग फोटो कुणी व कशासाठी काढला, आणि शेवटी त्या माणसाचे पुढे काय झाले.

नाव ठाऊक नसेल तिथे 'एक छात्र' असे न लिहिता 'नाव नोंदलेले नाही' असे लिहायचे. नोंद करणाऱ्याकडून ते राहिले, माणसाला नाव होतेच.

एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीने विचारले, "ताई, एकूण किती जण वैमानिक झाले?" १९४१ ते १९४६ मध्ये टस्कीगीत ९९२ जणांनी वैमानिक म्हणून प्रशिक्षण पुरे केले. तिने आकडा स्वतःच्या वहीत लिहून घेतला आणि म्हणाली, की हा पहिल्याच फलकावर पाहिजे, १९२५ च्या अहवालाच्या खाली. तसा हलवला. तिचे बरोबर आहे.

२० सप्टेंबर

छपाई हातात आली. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड परत येतो आणि गडद चेहरे दिसेनासे होतात, म्हणून सगळे मॅटमध्ये करून घेतले. छापखान्यातल्या काकांनी काळ्या शाईची खोली दोनदा तपासून दिली. पहिल्या नमुन्यात सावल्या एकजीव काळ्या आल्या होत्या, दुसऱ्यात गणवेशाच्या घड्या आणि डोळे दोन्ही उतरले. फोटो पाच मिलिमीटर सनबोर्डवर चिकटवले आहेत. मधली ओळ बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशी खाली घेतली, कारण इथे येणारे बहुतेक जण खुर्चीवर बसूनच भिंतीकडे पाहतात.

क्रम असा: अहवालाचा फलक, एलिनॉर आणि अँडरसन, मॅक रॉसची सलामी, विमानांचे कोष्टक, एका तळावरची गर्दी, संदेशाचा वर्ग, जमिनीवरची माणसे, तेरा नावे, भित्तिपत्रक आणि दुहेरी विजय, फ्रीमन फील्ड, बेळगाव आणि ते पत्र. विद्यार्थ्यांचा एक गट पाळीपाळीने माहिती सांगायला उभा राहणार आहे. त्यांना सांगितले आहे की पाठ करून बोलू नका, फोटोकडे बोट दाखवून बोला, आणि कुणी आठ जणांपैकी एखाद्याचे नाव विचारले तर यादीकडे न पाहता सांगता आले पाहिजे.